नऊ वर्षं अविवाहित

शार्दूल पंचवीस वर्षांचा झाला आणि त्याचं नाव बापाच्या व्हिसावरून उतरलं. दुबईतला नियमच तसा आहे. मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकते, मुलाला मात्र पंचविशीत स्वतःची सोय स्वतः बघावी लागते. त्याच्या आईला, विभावरीला, त्याचं फारसं काही वाटलं नाही. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक घरात हे कधी ना कधी झालं होतं. शिवाय शार्दूलचं एमटेक नुकतंच संपलं होतं आणि अबुधाबीतल्या एका कंपनीने त्याला घेतलं होतं. बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना जमिनीखालून पाणी पोचवायचं, त्याचे नकाशे काढायचं काम. व्हिसा कंपनीने दिला. नवीन ओळखपत्र घेऊन तो घरी आला त्या दिवशी तिने शिरा केला आणि विजयकुमार ताटावर बसताना म्हणाले, "चला, आता हा आपला पाहुणा."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी अमेरिकेहून भानूदादाचा फोन आला. नंबर लागला होता.

हा नंबर म्हणजे काय, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. भानुदास हा विभावरीचा सख्खा भाऊ, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. ती अकरा वर्षांची असताना त्यांची आई गेली. वडील पोस्टात, बदलीच्या गावी. सातारच्या घरात ही दोघंच. दादा कॉलेजात होता, पण सकाळी तिची वेणी घालून, डबा भरून, तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून मग तो स्वतःच्या वाटेला लागायचा. वेणी घालायला तो शेजारच्या काकूंकडे शिकला होता आणि ती घट्ट घालायचा, इतकी की दुपारपर्यंत तिच्या भुवया ताणलेल्या असायच्या. पुढे तो शिकला, क्लीव्हलंडला गेला, तिथलाच झाला. त्याला मूलबाळ झालं नाही. विभावरी लग्न होऊन दुबईला आली. आधी बर दुबईत देवळाच्या गल्लीजवळ, मग इकडे. बहीणभावांची भेट चार-पाच वर्षांनी एखाद्या लग्नकार्यात व्हायची.

शार्दूल सहा वर्षांचा असताना दादाने तिच्यासाठी अर्ज केला. अमेरिकेचा नागरिक आपल्या बहिणीला, तिच्या नवऱ्याला आणि तिच्या लहान मुलांना कायमचं तिकडे बोलावू शकतो. फक्त रांग फार मोठी असते. किती मोठी, ते तेव्हा कुणी नीट विचारलं नाही. दहा-बारा वर्षं लागतील, दादा म्हणाला होता. लागली एकोणीस.

एवढ्या वर्षांत "तिकडे गेल्यावर" हा शब्द त्यांच्या घरात मिठासारखा वापरला गेला. शार्दूलने शाळेत फ्रेंच घ्यावं की स्पॅनिश, तर तिकडे गेल्यावर स्पॅनिश उपयोगी पडेल. पुण्यात फ्लॅट घ्यायचा विषय निघाला की तिकडे गेल्यावर त्या फ्लॅटचं काय करायचं. मग तो विषय तिथेच थांबायचा. कुणी विचारलं की कशाला जाताय, इथे काय कमी आहे, तर विभावरीचं उत्तर ठरलेलं असे. आमचं काय, आमचं झालं. शार्दूलसाठी चाललंय सगळं.

आणि आता नंबर लागला होता. दोन वर्षांपूर्वी विद्युल्लतावहिनी गेली तेव्हापासून दादाचा आवाज फोनवर जरा खाली गेला होता. त्या दिवशी तो पुन्हा पहिल्यासारखा बोलला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्याने रंगवून घ्यायला काढल्या होत्या. एक तुम्हा दोघांची, एक शार्दूलची, म्हणाला.

पण दादाने नेमलेल्या वकीलबाईंनी एक शंका काढली. मूल एकवीस वर्षांच्या आतलं असेल तरच आईबापांबरोबर जाऊ शकतं. शार्दूल तर पंचवीस पूर्ण. त्यावर एक सवलत होती. सुरुवातीला अर्ज मंजूर व्हायला सरकारी कार्यालयात जो काळ गेला, तेवढा मुलाच्या वयातून वजा करतात. वजाबाकी केली तरी शार्दूल एकविसाच्या जरासा पुढेच जात होता. वकीलबाई म्हणाल्या, काठावर आहे, मुलाखतीत काय ते कळेल. विजयकुमारांनी स्वतः कागदावर तीनदा हिशेब केला आणि तिन्ही वेळा तो तसाच आला. विभावरी म्हणाली, काठावर म्हणजे काही पलीकडे नाही.

मुलाखत अबुधाबीला होती. दोघं गाडीने गेले. विजयकुमारांनी कोट घातला होता, शार्दूल ऑफिसमधून अर्धी सुट्टी काढून तिथेच येऊन भेटला. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाई तरुण होत्या, शार्दूलच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी सौजन्याने सगळं विचारलं. भाऊ काय करतो, शेवटचं कधी भेटलात, लहानपणी कुठे राहायचात. विभावरीचं इंग्रजी बेताचं, पण त्या दिवशी तिला एकही शब्द शोधावा लागला नाही. मग त्या बाईंनी पडद्यावर बराच वेळ काहीतरी पाहिलं, आतल्या कुणालातरी विचारून आल्या, आणि म्हणाल्या की तुम्हा दोघांचा व्हिसा मंजूर आहे. शार्दूलकडे बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "आय ॲम सॉरी. ही हॅज एज्ड आउट."

मुदत उलटून गेलेल्या औषधाबद्दल बोलावं तसं ते विभावरीला ऐकू आलं. एकविसाच्या मर्यादेपासून काही महिन्यांचाच फरक होता. वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्या बाई इतक्या सभ्यपणे बोलत होत्या की रागावताही येईना.

बाहेर आल्यावर शार्दूलने आईच्या हातातली कागदांची पिशवी घेतली. "इट्स ओके, आई," तो म्हणाला. "रिअली. मला इथे जॉब आहे." मग त्याने त्यांना चहा पाजला आणि तो ऑफिसला गेला. परतीच्या वाटेवर विजयकुमार एकशेवीसवर गाडी चालवत राहिले.

त्याच आठवड्यात वकीलबाईंनी पुढचा मार्ग सांगितला. तुम्ही दोघं तिकडे जा, ग्रीनकार्ड घ्या, आणि मग आई म्हणून तुम्ही मुलासाठी नवा अर्ज करा. त्यालाही रांग आहे, आठ-नऊ वर्षांची धरून चाला. एकच अट. तोवर त्याने लग्न करायचं नाही. लग्न झालं की अर्ज रद्द.

विभावरीने हे ऐकलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. दार बंद झालेलं नव्हतं तर. तिने मनातल्या मनात सगळं लावूनही टाकलं. नऊ वर्षांनी शार्दूल चौतिसाचा होईल. हल्ली मुलं लग्नं करतातच कुठे लवकर. चौतीस म्हणजे काही म्हातारा नाही. तिकडे गेल्यावर एखादी मुलगी बघता येईल.

शार्दूल शनिवारी अबुधाबीच्या बसने यायचा आणि इब्न बतूताच्या स्टँडवरून चालत घरी पोचायचा. त्या शनिवारी तो आला तेव्हा ती मेथी निवडत होती. तोही समोर बसून निवडू लागला. तिने सगळं समजावून सांगितलं, अगदी वकीलबाईंच्या शब्दांत.

"बाकी काही करायचं नाही. नोकरी कर, मजा कर. लग्न तेवढं करायचं नाही. तुला तरी कुठे घाई आहे?"

"नऊ वर्षं?" त्याने विचारलं.

"आठ-नऊ. इन्शाल्ला कमीसुद्धा."

त्याने हातातली काडी पुरती निवडली, पानं परातीत टाकली आणि म्हणाला, "ओके."

एवढंच. विभावरीला तेवढं पुरलं. तिच्या मुलाने तिला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. संध्याकाळी तो म्हणाला की उद्या साइटवर काम आहे, आजच निघतो. एरवी तो रविवारी रात्री जायचा. त्यापुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. कामं निघाली होती म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, स्वच्छ मराठी. "काकू, मी मैथिली. शार्दूलची मैत्रीण. मला तुम्हाला भेटायचं होतं. त्याला माहीत नाहीये."

विभावरी त्या दिवशी मीना बाजारात शिंप्याकडे जाणार होती. तिने तिथेच बोलावलं. घरी बोलवावंसं का वाटलं नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मैथिली उंच होती, साध्या कुर्त्यात, केस मागे बांधलेले. अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात ती प्रयोगशाळेत काम करत होती. तिचे आईवडील शारजात केटरिंग करतात, हे तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. शिंप्याचं काम उरकल्यावर दोघी खाडीकाठी गेल्या आणि अब्रा होड्यांच्या धक्क्याजवळच्या बाकावर बसल्या. समोरून माणसं भरून होड्या जात होत्या, पलीकडून रिकाम्या होऊन येत होत्या.

मैथिलीने आढेवेढे घेतले नाहीत. तीन वर्षं दोघं एकमेकांना ओळखत होते. दिवाळीत दोन्ही घरी सांगायचं ठरलं होतं. तेवढ्यात मुलाखत आली, मग वकीलबाईंची अट आली.

"त्याने मला सांगितलं, थांबू या. मी विचारलं, किती? तर नऊ वर्षं. मग तो म्हणाला, देवळात हार घालू, कागद करायचा नाही. म्हणजे मी त्याची बायको, पण कुठेच लिहिलेली नाही. इथे त्या कागदाशिवाय काय होतं, काकू? ना घराच्या करारात माझं नाव, ना व्हिसावर. मूल झालं तर त्याच्या जन्मदाखल्यावर काय लिहायचं?"

विभावरीने शिंप्याकडची पिशवी मांडीवर घेतली.

"आणि नऊ वर्षांनी तो त्या खिडकीसमोर उभा राहणार आणि सांगणार, माझं लग्न झालेलं नाही. मी तेव्हा त्याच्या घरात स्वयंपाक करत असणार. शार्दूलला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला माहीत आहे ते."

"तू नाही म्हणालीस का त्याला?" विभावरीने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला.

"हो. म्हणून तो गप्प आहे. मला नाही म्हणणं त्याला जमत नाही, आणि तुम्हाला तर त्याहून नाही." मैथिली पहिल्यांदाच खाडीवरची नजर काढून तिच्याकडे वळली. "मी परवानगी मागायला आले नाही, काकू. तुम्हाला माहीत असावं एवढंच वाटलं. न कळता तुमच्याकडून असं काही व्हायला नको."

तिने विभावरीला टॅक्सी करून दिली, वाकून नमस्कार केला आणि ती मेट्रोच्या दिशेने निघून गेली.

घरी पोचेपर्यंत विभावरी रागाने भरलेली होती. तीन वर्षं पोराने आपल्याला कळू दिलं नाही याचा राग, आणि एका परक्या मुलीने बाकावर बसवून आपल्याला शहाणपण शिकवावं याचा त्याहून जास्त. विजयकुमार जेबेल अलीहून कामावरून परतले तेव्हा तिने सगळं त्यांच्यापुढे ओतलं. ते बूट काढता काढता ऐकत होते. ते चकित झाले नाहीत हे तिच्या लक्षात आलं.

"मी पाहिलं होतं त्यांना एकदा," ते म्हणाले. "बसस्टँडवर. त्याची नोकरी सुरू झाली तेव्हा. ती त्याला सोडायला आली होती."

"आणि मला बोलला नाहीत?"

"त्याने सांगायचं होतं ते. मी कशाला सांगू?" त्यांनी मोजे बुटात खुपसले. "मुलगी खरं बोललीय विभा. आपण त्याला नऊ वर्षं लपवाछपवी करायला सांगतोय. तीसुद्धा कशासाठी, तर ज्या देशात जायचं असं तो कधी म्हणाला नाही, त्यासाठी."

ती म्हणाली की मग आपणही जायला नको. शार्दूलशिवाय तिकडे जाऊन करायचं काय? व्हिसा राहू दे तसाच. तुमची नोकरी आणखी वर्षभर आहे, मग बघू, पुण्यात भाड्याने राहू.

विजयकुमारांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "तुला जायचंय का, ते सांग."

"मी म्हटलं ना, शार्दूलशिवाय..."

"शार्दूलचं नाही विचारत मी. तुझं विचारतोय."

ती उठून कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे सकाळ उजाडायच्या सुमाराला, तिने दादाला फोन लावला. दादा पहाटे उठतो हे तिला ठाऊक होतं. तिने सगळं सांगितलं. मुलाखत त्याला माहीत होती, मैथिलीचं नव्हतं. शेवटी ती म्हणाली की दादा, आम्ही नाही येत. शार्दूलसाठी सगळं चाललं होतं, आता त्याचंच होत नाही तर आम्ही दोघं येऊन काय करणार?

फोन कट झाला की काय असं वाटून तिने हाक मारली.

"आहे," दादा म्हणाला. "ऐकतोय. विभा, एक सांगू? तो अर्ज मी शार्दूलसाठी केला नव्हता."

"म्हणजे?"

"त्याला तोवर मी एकदाच पाहिलं होतं, त्याच्या काकाच्या लग्नात, तुझ्या कडेवर. वकिलाने मला विचारलं, कुणाला आणायचंय. मी तुझं नाव सांगितलं. बाकीची नावं तुझ्यामागून आली. तू माझी बहीण आहेस म्हणून केला होता अर्ज, दुसरं काही कारण नव्हतं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यायचं नसेल तर नको येऊस," दादा पुढे म्हणाला. आवाज शांत होता, रुसल्यासारखा नव्हता. "तुझं घर, तुझा संसार. मी रागावणार नाही. पण पोराचं नाव पुढे करून नाही म्हणू नकोस. तुला नको असेल तर तुला नको असं सांग."

फोन ठेवल्यावर ती बाल्कनीत जाऊन बसली. खाली बागेत बायका लहान मुलांना घेऊन हिंडत होत्या, कुणीतरी हिंदीतून कुणालातरी घसरगुंडीवरून उतरायला सांगत होतं. तिला आठवलं की ती दरवर्षी भाऊबीजेला फोनवर दादाशी बोलताना हसत असे, ताट तयार आहे, तू ये म्हणत असे, आणि फोन ठेवल्यावर आत जाऊन भांडी उगीच दोनदा घासत असे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, विजयकुमारांनासुद्धा नाही. एकोणीस वर्षं तिने जो नंबर मोजला, तो कुणासाठी मोजला? मुलाच्या भवितव्यासाठी म्हटलं की लोक मान डोलावतात. भावापाशी राहायचंय म्हटलं असतं तर काय म्हणाले असते? सत्तावन्न वर्षांच्या बाईने, नवरा-मुलगा असलेल्या बाईने, असं म्हणायचं असतं का? म्हणून तिने ते म्हटलंच नव्हतं, आणि हळूहळू स्वतःलाही ऐकू येईनासं झालं होतं.

विजयकुमार आले तेव्हा ती म्हणाली, "मला जायचंय. दादाकडे."

"मग जाऊ," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला गेले. थोड्या वेळाने आतूनच त्यांनी विचारलं की तिकडचा बर्फ फावड्याने काढतात तो रोज काढावा लागतो की आठवड्यातून एकदा.

शनिवारी तिने शार्दूलला मुद्दाम बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की वकीलबाईंना कळवलंय, तुझ्यासाठी अर्ज होणार नाही.

शार्दूलने चमकून बाबांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"मैथिलीच्या आईवडलांना कधी भेटायचं?" विभावरीने विचारलं.

त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "तुला कोणी सांगितलं?"

"तीच आली होती. तुझ्यापेक्षा धीट आहे." मग तिच्याने राहवलं नाही. "मला सांगायला परकी मुलगी यावी लागली, याचं वाईट वाटलं मला. मी तुला खाल्लं असतं का?"

तो टेबलावरच्या नक्षीदार मॅटची कड उलगडत राहिला. नंतर बोलला ते मराठीतून, थांबत थांबत, शब्द शोधत. "लहानपणापासून तू 'तिकडे गेल्यावर' म्हणायचीस. मला कधीच वाटलं नाही की मी जाणार. पण तुला ते आवडायचं. मग मी पण म्हणायचो. नंतर ते... सांगणं कठीण झालं."

"इथेही काही कायमचं नाही रे," विभावरी म्हणाली. "नोकरी आहे तोवर व्हिसा. नोकरी गेली की चला."

"आय नो. पण मी इथला आहे, आई. मी पाणी पोचवलेली झाडं आता कुठे मूळ धरायला लागलीत. मला ती बघायची आहेत."

नकाशांपलीकडे तो झाडांविषयी असा विचार करत असेल हे तिला माहीत नव्हतं.

"तू एकटी पडशील तिकडे," तो म्हणाला.

"मी दादाकडे चाललेय. एकटी कशी पडेन?" ती म्हणाली, आणि हे बोलताना तिला कळलं की आपण खरंच बोलतोय.

शार्दूल तोंड धुवायला गेला आणि नळ सुरू ठेवून बराच वेळ तिथेच उभा राहिला. विजयकुमारांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, पण ते वाचत नव्हते.

लग्न जानेवारीत झालं, अबुधाबीच्या कोर्टात, सकाळी. पंधरावीस माणसं असतील. मैथिलीचे आईवडील, तिची मावशी, शार्दूलच्या ऑफिसातला केरळचा मित्र आणि त्याची बायको. न्यायाधीशांसमोर फक्त सह्या करायच्या होत्या. शार्दूलने पेन उचललं तेव्हा त्याने एकदा आईकडे पाहिलं. त्या सहीने अमेरिकेचा त्याचा रस्ता बंद होणार होता, निदान पुढची पुष्कळ वर्षं. तिथे बसलेल्या माणसांत हे मोजक्याच चौघांना ठाऊक होतं. विभावरीने मान हलवली. त्याने सही केली. मैथिलीने केली, तिचं अक्षर बारीक आणि ठाम होतं.

दुपारी शारजात मैथिलीच्या वडलांच्या हॉलमध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. केटरिंगवाल्यांच्या घरचं लग्न, तेव्हा जेवणात कमी काही नव्हतं. मैथिलीच्या वडलांनी स्वतःच्या हाताने मसालेभात केला होता आणि ते पंगतीत फिरून प्रत्येकाला आग्रह करत होते. भानूदादाला फोनवर सगळं दाखवलं. तिकडे पहाट होती. तो सदरा घालून, टोपी चढवून, नीट केस विंचरून बसला होता आणि अक्षतांच्या वेळी त्याने पडद्यावरूनच मूठ उघडली. त्याच्या हातात खरोखरच तांदूळ होते. ते त्याच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडले.

अमेरिकेच्या व्हिसाची मुदत संपायच्या आत निघायचं होतं. विजयकुमारांनी राजीनामा दिला, कंपनीने निरोपाला केक कापला. फ्लॅट सोडला. सामान निम्मं शार्दूल आणि मैथिलीच्या अबुधाबीच्या घरी गेलं, निम्मं ओळखीच्यांत वाटलं. शेवटचं काम राहिलं होतं ते इथला व्हिसा रद्द करायचं. आधी बायकोचा रद्द होतो, मग नवऱ्याचा. अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने कागद पुढे सरकवत विचारलं, किती वर्षं झाली इथे? विजयकुमार म्हणाले, अठ्ठावीस. तो म्हणाला, "अठ्ठाईस साल? फिर खलास?" विजयकुमार हसले आणि सही केली. बाहेर आल्यावर ते गाडीपाशी जरा वेळ नुसते उभे राहिले. गाडीही दुसऱ्या दिवशी जाणार होती. विभावरीने त्यांच्या हाताला हात लावला तसे ते म्हणाले, "ऊन फार आहे, चल," आणि दार उघडलं.

मार्चमध्ये ते निघाले. मैथिली गाडी चालवत होती, शार्दूल तिच्या शेजारी, मागे ही दोघं आणि पायाशी एक बॅग. बाकीचं सामान डिकीत. विमानतळावर शार्दूलने ट्रॉली आणली, बॅगा चढवल्या, पट्ट्या ओढून पाहिल्या, एका बॅगेचं कुलूप लागलंय की नाही ते दोनदा तपासलं. मग करायला काही उरलं नाही तेव्हा तो वाकला. विभावरीने त्याला मध्येच उचललं आणि धरून ठेवलं. त्याचा खांदा तिच्या कपाळाला लागत होता. किती उंच झालाय, तिला वाटलं, जणू आजच दिसलं.

मैथिलीने तिच्या हातात एक डबा दिला. गुळाच्या पोळ्या, तिच्या आईने केलेल्या. "विमानात खा, काकू. तिकडच्या तपासणीत आत नेऊ देतील की नाही माहीत नाही."

"आई म्हण आता," विभावरी म्हणाली.

मैथिलीने मान डोलावली, पण लगेच म्हणाली नाही. विभावरीला ते बरं वाटलं. सवय व्हायला वेळ लागेल, लागू दे.

आत गेल्यावर पासपोर्ट तपासणारा पोरसवदा अधिकारी होता. त्याने शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला आणि अरबीतून काहीतरी म्हणाला. तिला त्यातलं सलामत एवढंच कळलं. विजयकुमारांनी आभार मानत शुक्रन म्हटलं.

गेटपाशी बसल्यावर ते डोळे मिटून टेकले. समोरच्या काचेतून विमानाच्या पोटात सामान चढताना दिसत होतं. विभावरीने मागे वळून पाहिलं, पण इथून बाहेरचं काही दिसण्यासारखं नव्हतं. माणसांची रांग, दुकानं, पाट्या.

फोन वाजला. दादा होता.

"बसलीस का विमानात?"

"नाही अजून. अर्धा तास आहे."

"बरं. इथे थंडी आहे अजून. एअरपोर्टवर दोन कोट घेऊन येतो. विजयच्या मापाचा अंदाजाने घेतलाय." तो जरा घुटमळला. "आल्यावर जेवायला काय करू? मला पिठलं-भात येतो. तुझ्या वहिनीने शिकवला होता. बाकी काही विशेष येत नाही."

"पिठलं-भात कर," विभावरी म्हणाली.

"तिखट किती घालू?"

ती विचार करू लागली. शेवटचं त्याच्या हातचं कधी खाल्लं होतं, ते तिला आठवेना. "तुला आवडतं तेवढं घाल," ती म्हणाली. "मी आल्यावर बघते."